मेद, मांस आणि हृदय : स्थूलतेवरील शस्त्रक्रियेचा ताळेबंद

कावेरी नदी समुद्रास मिळण्यापूर्वी अनेक फाट्यांनी विभागते, आणि त्या फाट्यांच्या पाण्यावर तामिळनाडूतील तंजावूरची भातशेती पिकते. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजी भोसले यांनी या सुपीक प्रदेशात मराठी राज्याची स्थापना केली. त्यांची राणी दीपाबाई हिच्या आश्रयाने रघुनाथ गणेश नवहस्त या पंडिताने ‘भोजनकुतूहल’ नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. धान्ये, कडधान्ये, भाज्या, दूधदुभते आणि शिजवलेले पदार्थ यांपैकी काय खाल्ले असता शरीरावर कोणता परिणाम होतो, याचा विचार त्यात केलेला आहे. अन्न हे केवळ पोट भरण्याचे साधन नसून त्यातूनच शरीराचे निरनिराळे घटक घडतात, ही समजूत या साऱ्या विवेचनाच्या मुळाशी आहे.

ही समजूत त्याहूनही पुष्कळ जुनी होय. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील ‘अष्टौनिन्दितीय’ या एकविसाव्या अध्यायात अतिस्थूल मनुष्याचे वर्णन आले आहे. त्याच्या शरीरात मेद तेवढा पोसला जातो आणि इतर धातूंचे पोषण त्या मानाने होत नाही, असे तेथे म्हटले आहे. मनुष्य बाहेरून भरलेला दिसावा आणि आतून त्याचे मांस मात्र उपाशी असावे, ही विसंगती त्या वैद्यांच्या नजरेतून सुटली नव्हती.

आज स्थूलतेवर जठराची व आतड्याची शस्त्रक्रिया केली जाते आणि तिच्यामुळे रोग्याचे वजन वर्षभरात तीस-चाळीस किलोंनी उतरू शकते. अशा वेळी तोच जुना प्रश्न नव्या स्वरूपात पुढे येतो. जे वजन उतरले, ते कशाचे होते? मेद गेला की मांसही गेले? आणि ज्या हृदयाच्या रक्षणासाठी ही खटपट केली, त्या हृदयाला तिचा लाभ किती झाला? या प्रश्नांची उत्तरे पाहणे, हा या पुस्तिकेचा हेतू आहे.

तराजूला न कळणारा भेद

तराजू शरीराचे एकंदर वजन सांगतो. त्यात हाडे किती, पाणी किती, स्नायू किती आणि मेद किती, हे तो सांगू शकत नाही. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता जो आकडा येतो, त्यास देहवस्तुमान निर्देशांक म्हणतात. स्थूलता मोजण्यासाठी वैद्यकात हाच आकडा सर्वत्र वापरला जातो. परंतु तोही तराजूवरच अवलंबून असल्यामुळे तराजूचा दोष त्यात उतरतो.

या दोषाचे उत्तम उदाहरण पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी जगापुढे ठेवले. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे व त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र एकत्र प्रसिद्ध झाले. दोघांचाही निर्देशांक २२.३ होता, म्हणजे तराजूच्या दृष्टीने दोघे सारखेच. प्रत्यक्षात युडकिन यांच्या शरीरात मेदाचे प्रमाण शेकडा ९.१ होते, तर याज्ञिक यांच्या शरीरात ते शेकडा २१.२ इतके होते. सारख्याच वजनाच्या भारतीय मनुष्यात मेद अधिक आणि स्नायू कमी असू शकतात, हे त्या एका चित्राने सर्वांना पटवून दिले.

ही ठेवण जन्मापासूनचीच असावी, असे पुणे जिल्ह्यातील खेड्यांत १९९३ पासून झालेल्या माता-पोषणाच्या अभ्यासावरून दिसते. तेथील नवजात अर्भकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील अर्भकांचे सुमारे ३.५ किलो होते. पुण्याची बाळे सर्वच बाबतींत लहान होती. तथापि त्यांच्या स्नायूंत जितकी तूट होती, तितकी त्वचेखालील मेदात नव्हती. यावरूनच ‘कृश तरीही मेदयुक्त’ असे भारतीय शरीराचे वर्णन रूढ झाले.

याचा व्यवहारातील परिणाम असा, की मधुमेह व हृदयविकार भारतीयांना पाश्चात्त्यांहून कमी वजनावर गाठतात. म्हणून भारतात निर्देशांक २३ च्या वर गेल्यास वजन अधिक आणि २५ च्या वर गेल्यास स्थूलता मानावी, असे २००९ साली तज्ज्ञांनी ठरविले. शस्त्रक्रियेचा विचार करण्याची मर्यादाही आशियाई लोकांसाठी खाली आणण्यात आली आहे. या साऱ्यातून दुसरीही एक गोष्ट निघते, तिच्याकडे मात्र सहसा कमी लक्ष जाते. ज्याच्याजवळ स्नायूंची पुंजी मुळातच थोडी आहे, त्याला त्या पुंजीतील तूट अधिक महाग पडते.

शस्त्रक्रियेचे स्वरूप

स्थूलतेवरील शस्त्रक्रियेचा इतिहास १९५४ पासून सुरू होतो. त्या वर्षी अमेरिकेतील मिनेसोटा येथे क्रेमेन व लिनर या शल्यवैद्यांनी लहान आतड्याचा बराच भाग वगळून त्याची टोके जोडण्याची पद्धत मांडली. अन्न आतड्यातून लवकर पुढे जाई आणि त्यातील फारसे काही शोषले जात नसे. वजन उतरे खरे. पण त्याबरोबर यकृताचे विकार, मूत्रखडे व कुपोषणही येई. शेवटी ही पद्धत सोडून द्यावी लागली. वजन उतरणे आणि प्रकृती सुधारणे या दोन गोष्टी एकच नव्हेत, हा धडा या शास्त्राला अशा रीतीने आरंभीच मिळाला.

पुढे १९६६ साली आयोवा विद्यापीठातील एडवर्ड मेसन यांनी जठर-बायपासची शस्त्रक्रिया केली. या पद्धतीच्या आजच्या रूपात जठराच्या वरच्या टोकाशी अंड्याएवढी लहान पिशवी ठेवून ती सरळ लहान आतड्यास जोडतात. अन्न उरलेल्या जठरास व आतड्याच्या पहिल्या भागास वळसा घालून पुढे जाते. दुसऱ्या एका प्रचलित पद्धतीत जठराचा सुमारे चार-पंचमांश भाग काढून टाकतात आणि बाकीच्याला सदऱ्याच्या बाहीसारखा अरुंद नळीचा आकार देतात. तिला ‘स्लीव्ह’ असे म्हणतात. दोन्ही शस्त्रक्रिया आज पोटावर लहान छिद्रे पाडून, दुर्बिणीच्या साहाय्याने करता येतात.

जठर लहान झाल्यामुळे मनुष्य कमी खातो, हे स्पष्टीकरण खरे असले तरी अपुरे आहे. जठर व आतडी ही केवळ अन्नाची वाहिनी नसून संप्रेरके निर्माण करणारी इंद्रियेही आहेत. जठराचा मोठा भाग काढून टाकल्यावर भूक चेतविणारे घ्रेलिन हे संप्रेरक कमी होते. अन्न आतड्याच्या खालच्या भागात लवकर पोहोचू लागल्यामुळे तृप्तीची जाणीव देणारे आणि इन्शुलिनच्या स्रावास साहाय्य करणारे जीएलपी-१ हे संप्रेरक वाढते. मधुमेह्यांच्या रक्तातील साखर शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांतच, म्हणजे वजन फारसे उतरण्यापूर्वीच, खाली येऊ लागते, याचे एक कारण हे आहे. दुसरे कारण अर्थातच त्या दिवसांतील अत्यल्प आहार होय.

ही शस्त्रक्रिया निर्धोक नाही. पण समजले जाते तितकी भयंकरही नाही. अमेरिकेतील ४,७७६ रोग्यांच्या २००९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पहिल्या तीस दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण शेकडा ०.३ आढळले.

हृदयाचा भार हलका होतो

मेद हा निर्जीव साठा नाही. त्यालाही रक्ताचा पुरवठा लागतो. शरीर वाढते तसे रक्ताचे आकारमान वाढते आणि ते सारे रक्त हृदयाला रात्रंदिवस खेळवावे लागते. रक्तदाबही चढलेला असेल, तर हृदयाच्या डाव्या जवनिकेची, म्हणजे शरीरभर रक्त ढकलणाऱ्या कप्प्याची, भिंत हळूहळू जाड होते. जाड झालेली भिंत आकुंचन जोराने पावते, पण तिला नीट सैल होता येत नाही. सैल न झालेल्या कप्प्यात पुरेसे रक्त भरत नाही आणि जिना चढताना मनुष्याला धाप लागते. यात झोपेतील श्वासरोध, रक्तातील वाढलेली साखर व स्निग्ध द्रव्ये यांची भर पडली, की हृदयविकाराची पूर्वतयारी पुरी होते.

शस्त्रक्रियेनंतर ही साखळी जवळजवळ प्रत्येक कडीपाशी सैल होते. रक्ताचे आकारमान घटते, रक्तदाब उतरतो, झोपेतील श्वास सुधारतो, जवनिकेच्या भिंतीची जाडी कमी होते आणि तिचे भरणे सुलभ होते. हृदयाच्या भोवती साचलेला मेदही कमी होतो.

हे बदल यंत्रांवर दिसले. पण त्यांमुळे आयुष्य वाढते काय, हे ठरविण्यासाठी पुष्कळ वर्षे वाट पाहावी लागली. या बाबतीत स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेला अभ्यास सर्वांत मोलाचा आहे. त्यात शस्त्रक्रिया झालेल्या २,०१० आणि नेहमीचे उपचार घेणाऱ्या २,०३७ स्थूल व्यक्तींचा दीर्घकाळ मागोवा घेण्यात आला. दहा वर्षांनंतर बायपास झालेल्यांचे वजन सरासरीने पाव हिश्श्याने कमी होते. दुसऱ्या गटाचे वजन जवळजवळ होते तेवढेच होते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत हृदयविकार व पक्षाघात यांमुळे शस्त्रक्रियेच्या गटात २८, तर तुलनेच्या गटात ४९ मृत्यू झाले होते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या हिशेबानुसार शस्त्रक्रिया झालेल्यांचे आयुर्मान तुलनेच्या गटाहून सुमारे तीन वर्षांनी अधिक भरले. मात्र सर्वसाधारण जनतेच्या मानाने ते तरीही सुमारे साडेपाच वर्षांनी कमीच होते. शस्त्रक्रिया गमावलेले सर्व काही परत देत नाही.

या अभ्यासात कोणावर शस्त्रक्रिया करावी हे चिठ्ठ्या टाकून ठरविलेले नव्हते. रोग्यांच्या इच्छेप्रमाणे गट पडले होते आणि मग शक्य तितकी सारखी माणसे तुलनेस घेतली होती. तेव्हा त्याच्या निष्कर्षांकडे तेवढ्या सावधपणे पाहिले पाहिजे. चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले प्रयोग लहान असले तरी त्यांचाही कल त्याच दिशेने आहे. अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे १५० मधुमेह्यांवर असा प्रयोग झाला. पाच वर्षांनंतर, केवळ औषधे घेणाऱ्यांपैकी शेकडा ५ जणांची साखर ठरविलेल्या मर्यादेच्या आत होती. स्लीव्ह झालेल्यांत हे प्रमाण शेकडा २३ आणि बायपास झालेल्यांत शेकडा २९ होते.

स्वीडनच्या अभ्यासातील एक गोष्ट विशेष विचार करण्याजोगी आहे. शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ज्यांचे वजन अधिक उतरले, त्यांच्या हृदयाला लाभही अधिक झाला, असा सरळ संबंध तेथे आढळला नाही. म्हणजे हृदयाचा लाभसुद्धा तराजूवर मोजता येत नाही. किती किलो गेले यापेक्षा शरीरात काय बदलले, हेच निर्णायक ठरते.

स्नायूंच्या पुंजीतील तूट

शरीराला अन्न एकदम कमी पडू लागले म्हणजे ते आपल्या साठ्यांतून खर्च भागविते. मेद हा इंधनाचा साठा होय. प्रथिनांचा मात्र तसा वेगळा साठा शरीरात नसतो. प्रथिनांची गरज पडली, की शरीर स्नायूंकडे वळते. घरात सरपण संपले म्हणून दारे-खिडक्या जाळाव्यात, तसा हा प्रकार आहे.

अनेक अभ्यास एकत्र करून २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका परीक्षणात असे दिसले, की शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या वर्षात शरीराचा मेदविरहित भाग सरासरीने आठ किलोंनी कमी होतो. त्यातील निम्म्याहून अधिक घट पहिल्या तीन महिन्यांतच होते. हे आठही किलो स्नायूंचे नसतात. त्यात पाणी व इतर ऊतीही असतात. तसेच जड शरीर पेलण्यासाठी वाढलेले पायांचे स्नायू, ते ओझे उतरल्यावर काही अंशी लहान होणे स्वाभाविकच आहे. शिवाय स्नायूंच्या तंतूंमध्ये साचलेला मेद कमी होतो, इन्शुलिनला स्नायू पूर्वीपेक्षा चांगला प्रतिसाद देऊ लागतात, आणि बहुतेक रोगी पहिल्यापेक्षा अधिक चालू शकतात. म्हणून या घटीला सरसकट हानी म्हणणे बरोबर होणार नाही.

पण ती दुर्लक्षिण्याजोगीही नाही. जेवणानंतर रक्तात येणारी साखर मुख्यतः स्नायूंमध्येच जिरते. ते घटले, तर साखर जिरविण्याची जागाच कमी होते. शरीराचा विश्रांतीतील ऊर्जाखर्चही स्नायूंवर पुष्कळसा अवलंबून असतो. तो उतरला, की वजन पुन्हा चढणे सोपे होते. आणि पुन्हा चढलेले वजन बहुतांशी मेदाचे असते. ज्याने स्नायू गमावून मेद परत मिळविला, त्याचा काटा जुन्या आकड्याच्या खाली असला तरी शरीर पूर्वीपेक्षा दुबळे असू शकते. पन्नाशीनंतर वयोमानानेच स्नायू झिजू लागतात. तेव्हा चाळिशीत केलेल्या शस्त्रक्रियेचे स्नायूंवरील बिल कधीकधी सत्तरीत, जमिनीवरून उठताना किंवा तोल सावरताना चुकवावे लागते.

हृदयही एक स्नायूच आहे, हे येथे विसरून चालत नाही. १९७०–८० या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत झटपट वजन उतरविण्यासाठी ‘द्रवरूप प्रथिना’चा आहार लोकप्रिय झाला. ते प्रथिन जनावरांच्या कातड्यांपासून काढलेले, निकृष्ट प्रतीचे होते. त्या आहारावर असलेल्या सुमारे साठ जणांना मृत्यू आला. त्यांच्यापैकी अनेक जण वरकरणी धडधाकट होते आणि हृदयाची लय बिघडून अकस्मात मरण पावले होते. शस्त्रक्रियेनंतरच्या आजच्या आहारात असा धोका ठेवलेला नसतो. पण शरीराची प्रथिनांची तूट हृदयापर्यंत पोहोचू शकते, ही शिकवण त्या घटनेने कायमची दिली.

भात, जीवनसत्त्व आणि हृदय

शस्त्रक्रिया मोठ्या शहरात होते. पुढचे आयुष्य मात्र घरच्या स्वयंपाकघरात काढायचे असते. तंजावूरच्या परिसरातील स्वयंपाकघरात मध्यवर्ती स्थान भाताचे आहे. सकाळी इडली किंवा डोसा, दुपारी भात-सांबार, भात-रसम व शेवटी दहीभात, हा तेथील तामिळ व मराठी घरांचा नेहमीचा क्रम. जठर लहान झालेल्या मनुष्याच्या दृष्टीने या ताटाचा विचार केला, तर दोन गोष्टी नजरेस येतात. पहिली थायमिन या जीवनसत्त्वाची, दुसरी प्रथिनांची.

थायमिन म्हणजे ब-१ जीवनसत्त्व. त्याच्या अभावाने होणारा बेरीबेरी हा रोग हृदय व स्नायू या दोघांनाही गाठतो. त्याच्या एका प्रकारात हृदय मोठे होते, पाय सुजतात आणि धाप लागते. दुसऱ्यात मज्जातंतू बिघडून पाय बधिर व स्नायू लुळे होतात. या रोगाचा संबंध पॉलिश केलेल्या तांदळाशी आहे, याचा माग १८९० नंतरच्या दशकात जावा बेटावर एइकमन यांना लागला. भारतात या प्रश्नाचा अभ्यास निलगिरीतील कुन्नूर येथे झाला. तेथे रॉबर्ट मॅक्कॅरिसन यांनी १९१८ साली बेरीबेरीच्या संशोधनास आरंभ केला. त्याच कार्यातून पुढे पोषण संशोधनशाळा उभी राहिली आणि कालांतराने हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था झाली. या संशोधनात एक मार्मिक गोष्ट स्पष्ट झाली. आंध्रच्या किनाऱ्यावर, जेथे गिरणीत सडलेला कच्चा तांदूळ खाल्ला जाई, तेथे बेरीबेरी आढळे. तामिळ प्रदेशात, जेथे उकडा तांदूळ खाण्याची रीत होती, तेथे तो जवळजवळ नव्हता.

उकडा तांदूळ कोकण व गोव्यातील वाचकांना परिचित आहेच. तामिळमध्ये त्याला ‘पुळुंगल अरिसी’ म्हणतात. साळ भिजवून, वाफवून व वाळवून मग सडली, तर वरच्या कोंड्यातील थायमिन दाण्याच्या आत उतरते आणि सडताना ते सारे वाया जात नाही. ज्यांनी ही रीत शोधली, त्यांना जीवनसत्त्व ठाऊक नव्हते. पण त्यांच्या नातवंडांची हृदये त्या रीतीने राखली.

शस्त्रक्रियेनंतर मात्र एवढे संरक्षण पुरत नाही. शरीरातील थायमिनचा साठा दोन-तीन आठवडेच टिकतो. शस्त्रक्रियेनंतर आहार अत्यल्प असतो. त्यात सतत उलट्या होऊ लागल्या, तर तो साठा लवकरच संपतो, आणि जुन्या काळचा बेरीबेरी शहरी इस्पितळातून परतलेल्या मनुष्यात पुन्हा प्रकट होतो. म्हणून वारंवार होणाऱ्या उलट्या, पायांची आग किंवा बधिरपणा, डोळ्यांपुढे दुहेरी दिसणे, चालताना तोल जाणे ही लक्षणे दिसताच दिरंगाई करू नये. अशा रोग्यास साखरेचे सलाइन देण्यापूर्वी थायमिन देणे आवश्यक असते. कारण साखर जाळण्यातच शिल्लक थायमिन खर्च होऊन प्रकृती एकाएकी ढासळू शकते. थायमिनप्रमाणेच ब-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांचीही तूट पडते. यास्तव त्यांच्या गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतात. ‘आता बरे वाटते’ म्हणून त्या बंद करणे धोक्याचे होय.

साठ ग्रॅमचा हिशेब

आता प्रथिनांकडे वळू. शस्त्रक्रिया झालेल्या प्रौढ मनुष्याने दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिने घ्यावीत, असा तज्ज्ञांचा सर्वसाधारण सल्ला आहे. काहींना याहून अधिक लागतात. शिजवलेल्या १०० ग्रॅम भातात प्रथिने सुमारे अडीच ग्रॅम असतात. म्हणजे केवळ भातातून ६० ग्रॅम मिळवायचे, तर दिवसाला सुमारे २ किलो ४०० ग्रॅम भात खावा लागेल. ज्याच्या पोटात एका वेळी अर्धी वाटी अन्न मावते, त्याला हे अशक्य आहे. भाताने पोट भरले, की प्रथिनांना जागाच उरत नाही.

म्हणून ताटाचा क्रम उलटावा लागतो. प्रथम प्रथिनयुक्त पदार्थ, मग भाजी आणि शेवटी उरलेल्या जागेत भात. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, १०० ग्रॅम माशांत सुमारे १९ ग्रॅम, ३० ग्रॅम कोरड्या तूरडाळीच्या घट्ट सांबारात सुमारे ७ ग्रॅम, ३०० ग्रॅम दह्यात सुमारे १० ग्रॅम आणि मूठभर शेंगदाण्यांत सुमारे ७ ग्रॅम प्रथिने असतात. दोन अंडी, मासे, डाळ, दही व शेंगदाणे यांची दिवसभरात पाच-सहा वेळांत विभागणी केली, तर बेरीज पंचावन्नच्या घरात जाते. शाकाहारी मनुष्यास अंडी व मासे यांच्या जागी पनीर, सोयाबीन आणि अधिक डाळ घ्यावी लागेल. त्याचा हिशेब अधिक काटेकोर असावा लागतो. पहिल्या काही आठवड्यांत आहार पातळ व मऊच असतो. तेव्हा हे पदार्थ वैद्याने सांगितलेल्या क्रमानेच सुरू करावयाचे असतात.

यात खर्चाचा प्रश्नही दडलेला आहे. तामिळनाडूत २०११ पासून रेशनच्या दुकानांतून तांदूळ मोफत देण्यास आरंभ झाला. अंडी, मासे, दूध व पनीर मात्र बाजारभावाने घ्यावे लागतात. शस्त्रक्रियेचा खर्च ठरविताना कुटुंबाने केवळ इस्पितळाचे बिल न पाहता पुढील अनेक वर्षांच्या प्रथिनांचा, जीवनसत्त्वांच्या गोळ्यांचा आणि रक्ततपासण्यांचा खर्चही आधीच मांडला पाहिजे. तो झेपत नसेल, तर वजन उतरेल, पण त्यातील अधिक वाटा स्नायूंचा असेल.

प्रथिनांच्या जोडीला व्यायाम अवश्य हवा. नुसते चालणे हृदयाला हितकर आहे. स्नायूंना मात्र भार उचलण्याचे काम लागते. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीला हात लावून जोर काढणे, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणे असे साधे व्यायामही आरंभी पुरतात. शस्त्रक्रियेनंतर देखरेखीखाली असे व्यायाम केलेल्यांची शक्ती अधिक टिकते किंवा वाढते, असे प्रयोगांत दिसले आहे. स्नायूंचे वजन टिकविणे त्याहून कठीण आहे. तथापि व्यवहारात उपयोगी पडते ती शक्तीच.

नोंद ठेवण्याची शिस्त

तंजावूरचे दुसरे सरफोजी महाराज (१७७७–१८३२) यांनी आपल्या धन्वंतरी महालात देशी व पाश्चात्त्य अशा निरनिराळ्या वैद्यकपद्धती जाणणाऱ्या वैद्यांना एकत्र आणले होते. गुणकारी ठरलेल्या औषधयोजनांचे संकलन त्यांनी करविले. नेत्ररोग्यांच्या नोंदी व त्यांच्या डोळ्यांची चित्रे तंजावूरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आजही जपलेली आहेत. उपचार केला की काम संपले, असे न मानता पूर्वी काय होते आणि नंतर काय झाले हे लिहून ठेवण्याची ही शिस्त होय.

स्थूलतेवरील शस्त्रक्रियेला नेमकी हीच शिस्त हवी. बहुतेक रोग्यांच्या वहीत मात्र एकच स्तंभ असतो, तो वजनाचा. त्याच्या शेजारी आणखी काही स्तंभ आखता येतील : कमरेचा घेर, रक्तदाब, साखर, दिवसाकाठची प्रथिने, मुठीची पकड, आणि अर्ध्या मिनिटात खुर्चीवरून किती वेळा उठता येते त्याची मोजणी. यांपैकी शेवटच्या मोजणीला एक खुर्ची आणि एक घड्याळ यांखेरीज काहीच लागत नाही. वजन उतरत असताना हा आकडा टिकून राहिला किंवा वाढला, तर उतरलेले वजन मुख्यतः मेदाचे आहे, असे समजण्यास आधार मिळतो. तो घसरू लागला, तर वजनाच्या आकड्यावर समाधान न मानता वैद्याकडे जावे.

हाच विचार वजन उतरविणाऱ्या नव्या औषधांनाही लागू पडतो. जीएलपी-१ च्या धर्तीवर तयार झालेल्या इंजेक्शनांनी शस्त्रक्रियेवाचून पुष्कळ वजन उतरते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगात, आधीपासून हृदयविकार असलेल्या स्थूल व्यक्तींत अशा औषधाने हृदयविकाराचे झटके, पक्षाघात व हृदयजन्य मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण सुमारे एक-पंचमांशाने घटले. परंतु त्या वजनाबरोबरही मेदविरहित भागाची काही घट होतेच. मार्ग सुरीचा असो वा सुईचा, शरीराचा जमाखर्च एकाच नियमाने चालतो.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे २०२३ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष पाहता, देशातील प्रौढांपैकी शेकडा २८.६ स्थूल आणि शेकडा ३९.५ जणांचे पोट सुटलेले आहे. त्यांतील फार थोड्यांवर शस्त्रक्रिया होईल आणि तसेच योग्यही आहे. ज्यांच्यावर ती होईल, त्यांच्या हृदयाला तिचा लाभ होण्याची आशा बाळगण्यास आज भक्कम आधार आहे. स्नायूंचे रक्षण मात्र शल्यवैद्याच्या हाती फारसे नाही. ते रोज दुपारी ताटात प्रथम काय वाढले जाते आणि संध्याकाळी शरीराकडून काय काम करून घेतले जाते, यावर ठरते.